डिझेल गाडी दर वेळी पीयूसीत फेल होते? कारण कुठं शोधायचं

"डिझेलच्या गाडीले पीयूसी लागत नाही न जी?" यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, गॅरेजसमोर हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारा बहुधा फेल होऊन आलेला असतो, म्हणून त्याला "लागत नाही" हेच उत्तर हवं असतं. पण लागते. डिझेल असो, पेट्रोल असो, सीएनजी असो, लागते. सूट आहे ती फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम ११५ हे सांगतो. गाडीच्या पहिल्या नोंदणीला १ वर्ष झालं की गाडीसोबत चालू पीयूसी असायला हवी. बीएस म्हणजे 'भारत स्टेज', गाडीच्या धुराच्या सरकारी मर्यादांचे टप्पे. बीएस-४ आणि बीएस-६ चारचाकीला ती १२ महिने चालते, त्याआधीच्या गाड्यांना ६ महिने. नसली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागू शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ३ महिने लायसन्स बाद होण्याची तरतूद आहे. पीयूसी खिशात असली तरी गाडी डोळ्यांदेखत काळा धूर सोडत असेल, तर नियम ११६ खाली अधिकारी तिला पुन्हा तपासायला पाठवू शकतो. कागद आहे म्हणून धुराकडं बघायचं नाही, असं चालत नाही.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते केंद्रांवरून. पेट्रोल आणि डिझेल तपासायची यंत्रं वेगळी असतात. पेट्रोलला गॅस ॲनालायझर लागतो, डिझेलला स्मोक मीटर. लहान गावच्या केंद्रावर पुष्कळदा पेट्रोलचंच यंत्र असतं, कारण येणाऱ्या गाड्यांत मोटारसायकलीच जास्त. तिथला पोरगा म्हणतो, "डिझेलची होत नाही." त्याला म्हणायचं असतं, इथं होत नाही. ऐकणारा घरी जाऊन सांगतो, डिझेलला लागत नाही. निघण्याआधी फोन करून "डिझेलचं यंत्र आहे का आणि आज चालू आहे का" एवढं विचारून घेतलं तर चाळीस किलोमीटरचा फेरा वाचतो. केंद्र आपल्याच जिल्ह्यातलं हवं असंही नाही. पांढरकवड्याचा माणूस कामानिमित्त आदिलाबादला गेला आणि तिथं अधिकृत केंद्रावर पीयूसी काढली, तर ती महाराष्ट्रातही चालते. २०२१ पासून प्रमाणपत्राचा नमुना देशभर एकच आहे.

दुसरा एक घोळ दिल्लीच्या बातम्यांमुळे होतो. दहा वर्षांची डिझेल गाडी बंद, हा आदेश दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरापुरता आहे. राष्ट्रीय हरित लवादानं तो २०१५ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो कायम ठेवला. विदर्भात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि फिटनेस काढून पुढं वाढवता येते. "आता गाडी भंगारातच जाणार, पीयूसीला पैसे कशाला घालायचे" असं म्हणून बारा वर्षांची चांगली सुमो तशीच धूर ओकत फिरवणारे लोक मी बघतो. त्यांना हे मुद्दाम सांगतो.

आता मूळ दुखण्याकडं येऊ. गाडी बहुतेक बोलेरो, पिकअप, सुमो, नाहीतर जुनी इंडिका. पीयूसी संपली की केंद्रावर नेली, यंत्रानं फेल दाखवली. मग कोणी सांगितलं म्हणून टाकीत क्लीनरची बाटली ओतली किंवा मिस्त्रीकडून पंपाचा स्क्रू फिरवून घेतला. गाडी कशीबशी पास झाली. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मालक म्हणतो यंत्र खराब आहे, केंद्रवाला म्हणतो गाडी खराब आहे. बऱ्याचदा गाडीतला दोष साधा असतो, पण तो कुणी शोधलेलाच नसतो.

यंत्र काय मोजतं

डिझेलच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड मोजत नाहीत, धुराचा दाटपणा मोजतात. सायलेन्सरमध्ये नळी घालतात. तो धूर यंत्रातल्या कप्प्यातून जातो, त्यातून प्रकाशाचा झोत सोडलेला असतो आणि किती प्रकाश अडला त्यावरून आकडा निघतो. त्याला 'के' म्हणतात आणि तो प्रति मीटर या एककात असतो. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५ पर्यंत चालतं, बीएस-४ ला १.६२ पर्यंत. बीएस-६ ची मर्यादा त्याहून कडक आहे.

तपासणी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये होते. ॲक्सिलरेटर झटकन पण दणका न देता पूर्ण दाबायचा, इंजिन आपल्या कमाल वेगाला पोचलं की सोडायचा, पुन्हा खाली येऊ द्यायचं, पुन्हा दाबायचा. पहिल्या काही वेळा नळीतली साचलेली काजळी झटकण्यासाठी असतात. मग सलग चार रीडिंग एकमेकांच्या जवळ आली की त्यांची सरासरी धरतात. या वेळी इंजिन ऑइलचं तापमान किमान ६० अंश हवं. म्हणूनच डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) जागी सेन्सर घालतात. तो न घालता कोणी तपासत असेल तर घालायला सांगा. तो तुमच्याच फायद्याचा आहे.

इथं एक सावधगिरी. गाडीला टायमिंग बेल्ट असेल आणि तो बदलायची वेळ टळून गेली असेल, तर पीयूसीला नेण्याआधी बदला. पूर्ण वेगाला इंजिन पुन्हा पुन्हा नेताना जुना बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च इंजिन खोलण्यापर्यंत जातो. ऑइलची पातळीही बघून घ्या.

थंडी गाडी

फेल होण्याचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे गाडी थंड असणं. घर गावात, केंद्र गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर, अंतर दोन किलोमीटर. एवढ्यात पाण्याचा काटा वर येतो, ऑइल मात्र तापत नाही. ऑइल तापायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्यात केंद्रावर रांग असली की गाडी बंद करून उभी, पुन्हा थंड. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, आकडा वर जातो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ-दहा अंशांत नेलेली गाडी फेल होते आणि तीच दुपारी पास होते, यात यंत्राचा काही दोष नाही.

उपाय एवढाच की पंधरा-वीस किलोमीटर चालवून थेट केंद्रावर जा. तेही टॉप गिअरमध्ये लोळवत नको. मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून, इंजिनला थोडं ओढू देत. आमच्याकडं गाड्या पांदणीतून, शेतातून, बाजारातून कमी वेगात फिरतात. सायलेन्सरमध्ये काजळीचा थर बसतो आणि तपासणीच्या पहिल्या दणक्याला तो सगळा बाहेर येतो. हा फेरा तो थर साफ करतो. रांग असेल तर इंजिन बंद करू नका.

हवा कमी, डिझेल जास्त

काळा धूर म्हणजे आत जेवढं डिझेल गेलं तेवढी हवा गेली नाही. चुलीत लाकडं कोंबली आणि हवेला वाटच ठेवली नाही तर जसं घर धुरानं भरतं, तसंच. त्यामुळं काळा धूर दिसला की आधी हवेच्या वाटेवर बघायचं, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर नंतर. आमच्याकडं उलटं करतात. आधी इंजेक्टर काढतात, कारण त्यात मजुरी आहे.

एअर फिल्टर पहिला. कंपनीच्या पुस्तकात फिल्टरचं जे अंतर दिलेलं असतं ते साधारण रस्त्याचं. आपला फुफाटा त्या हिशोबात नाही. त्यात दिवाळीपासून पुढं कापसाचा हंगाम. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट इकडच्या जिनिंगच्या आवारात कापसाची पिकअप रांगेत उभी असते, हवेत तंतू उडत असतात. ते फिल्टरच्या घडीत आणि इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीत बसतात. धूळ झटकली की निघते, हे तंतू चिकटून राहतात. कापूस वाहणाऱ्या गाडीचा फिल्टर हंगामात दर महिन्याला काढून बघा. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर आणि हळू. बाहेरून जोरात मारली तर धूळ कागदात आणखी रुतते, कागद फाटला तर धूळ थेट इंजिनात. कागदाचा फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. उजेडासमोर धरून आरपार दिसत नसेल तर सरळ बदला. इंजेक्टरच्या खर्चापुढं फिल्टरची किंमत काहीच नाही.

दुसरी जागा टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून) इंटरकूलरकडं आणि तिथून इंजिनकडं जाणारे रबरी होस. आमच्या उन्हात, एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत, बॉनेटखाली हे रबर लवकर कडक होतं आणि खालच्या बाजूनं चीर पडते. वरून दिसत नाही. खुणा अशा: ओढ कमी झाली, चढावर किंवा भरल्या गाडीत काळा धूर, ॲक्सिलरेटर दिला की शिट्टीसारखा आवाज, आणि होसच्या जोडावर तेलकट ओलावा. हात फिरवून बघा, क्लिप ढिली असेल तर आवळा. मी बघितलेल्या कितीतरी 'इंजेक्टर गेलेल्या' गाड्यांत गेलेला होता तो हा होस.

तिसरा ईजीआर व्हॉल्व्ह. हा जळालेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडतो. काजळीनं तो उघडाच अडकला तर ताज्या हवेची जागा धूर घेतो आणि धुरातून आणखी धूर होतो. काढून साफ करता येतो. काही मिस्त्री तो पत्रा लावून कायमचा बंद करून देतात. असं करू देऊ नका. ईजीआर नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठीच असतो. ते या यंत्रात दिसत नाहीत, छातीत मात्र जातात. शिवाय नव्या गाड्यांत इंजिनचा दिवा लागतो.

स्क्रू फिरवण्याचा खेळ

दर सहा महिन्यांनी तेच का होतं, याचं एक मोठं कारण इथं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत किती डिझेल जाईल ते पंपाच्या सेटिंगवर ठरतं. गाडी ओढत नाही म्हणून मालक म्हणतो, "पंप वाढवून द्या." मिस्त्री स्क्रू फिरवतो, डिझेल जास्त जातं, ओढ वाढल्यासारखी वाटते. ओढ कमी मुळात झालेली असते ती हवा कमी पडल्यामुळं किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरल्यामुळं. आता त्याच अपुऱ्या हवेत जास्त डिझेल. काळा धूर. पीयूसीच्या आदल्या दिवशी स्क्रू मागं, पास झाल्यावर पुन्हा पुढं. गाडी वर्षातून दोन दिवस चांगली आणि बाकी दिवस धूर सोडत फिरते. डिझेल वाया जातं, ऑइल काळं होतं, सिलिंडर घासतो. मालकाचा दुहेरी तोटा, आणि मागच्या माणसाच्या तोंडावर धूर.

हा धूर साधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. आपल्याकडं वडाप गाडीच्या मागं मोटारसायकलवर कोण असतं, तर पुढं लेकरू आणि मागं बायको घेऊन बाजाराला निघालेला आपलाच माणूस. तालुक्याच्या स्टँडवर तासभर एसटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या, शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या पोरी, या सगळ्यांच्या नाकात तो जातो. मी पीयूसीच्या मागं लागतो ते पोलिसांच्या भीतीनं नाही, याच्यासाठी.

योग्य मार्ग असा की पंप आणि इंजेक्टर एकदाच डिझेल लॅबमध्ये कॅलिब्रेशनला द्या आणि कंपनीच्या मापावर बसवून घ्या. नोझलचा फवारा बारीक धुक्यासारखा पडतो की धार येते, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर स्क्रूला सील करून घ्या. तरी ओढ येत नसेल तर कॉम्प्रेशन मोजा. कॉमन रेल गाड्यांत (नव्या, कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या) असा स्क्रू नसतो, पण सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवून देणारे भेटतात. ते करून घेतलं असेल तर मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घ्या, नाहीतर बाकी काहीही बदललं तरी धूर तसाच राहील.

डिझेल कुठून भरता तेही बघा. पेरणीच्या, काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये, कॅनमध्ये डिझेल आणून ठेवतात आणि वेळेला तेच गाडीत ओततात. ड्रमच्या तळाशी पाणी आणि गंज असतो. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढायचा नट असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो सोडून बघा. पांढरट धूर, झटके आणि सकाळी उशिरा सुरू होणं यामागं पुष्कळदा हेच पाणी असतं. टाकीत ओतायची क्लीनरची बाटली यातलं काहीच दुरुस्त करत नाही. नोझलवर हलका थर असेल तर तिचा थोडा उपयोग होतो, तेवढाच.

बीएस-६ वाल्यांसाठी

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आली. या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतः आतलं तापमान वाढवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी सलग वेग लागतो. गाव ते तालुका आठ किलोमीटर, मध्ये तीन गतिरोधक आणि बैलगाड्या, अशा गाडीत ही जाळणी सुरू होते आणि अर्धवट राहते. मग समोरच्या पॅनेलवर डीपीएफचा दिवा लागतो.

दिवा नुसता लागला असेल तर पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर साठच्या वर वेग ठेवून, खालच्या गिअरात चालवा. नागपूर-हैदराबाद महामार्ग जवळ असलेल्यांना, किंवा वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाण्यातून जाणारा समृद्धी महामार्ग जवळ असलेल्यांना हे सहज जमतं. महिन्यातून एकदा असा फेरा ठेवला तर दिवा लागायची वेळच येत नाही. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनचा दिवाही सोबत असेल तर ओढू नका, सर्व्हिस सेंटरला नेऊन तिथं जाळणी करून घ्या. आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर लगेच ऑइल बदला. अर्धवट जाळणीतलं डिझेल ऑइलमध्ये उतरलं की असं होतं आणि पातळ ऑइलवर टर्बो टिकत नाही.

डीपीएफ काढून टाकून देतो म्हणणारेही आता तालुक्यापर्यंत पोचलेत. तो गाडीतला बेकायदा बदल आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. जाळी काढलेली गाडी बीएस-६ च्या मर्यादेत बसवणं अवघड आहे. पीयूसीत वारंवार फेल होण्याचा त्रास पैसे देऊन विकत घेऊ नका.

फेल झाल्यावरची चिठ्ठी फेकू नका

२०२१ च्या नमुन्यानुसार गाडी फेल झाली तर केंद्रानं नकाराची चिठ्ठी द्यायची असते. ती मागून घ्या. तिच्यावर आणि प्रमाणपत्रावर प्रत्येक वेळचा आकडा, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि ऑइलचं तापमान असतं. मिस्त्रीकडं गाडी नेताना ही चिठ्ठी न्या. तिच्यातून अर्ध्याहून जास्त निदान होतं.

आकडे पहिल्यांदा मोठे आणि मग उतरत गेले असतील तर सायलेन्सरमध्ये काजळी होती किंवा गाडी थंड होती. फेरा मारून लगेच पुन्हा तपासा, खर्च करू नका. चारही आकडे जवळजवळ सारखे आणि मर्यादेच्या बरेच वर असतील तर दोष कायमचा आहे: फिल्टर, होस, ईजीआर, मग पंप-नोझल, याच क्रमानं बघा. आकडे एकदा कमी एकदा जास्त असे उड्या मारत असतील तर ॲक्सिलरेटर सारखा दाबला गेला नाही किंवा एखादा इंजेक्टर मधूनच चुकतो आहे. तापमानाच्या रकान्यात ६० पेक्षा कमी आकडा असेल तर ती तपासणीच धरू नका, पुन्हा करायला सांगा. आणि गाडी डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही आकडा वर असेल तर यंत्राची काच काजळलेली असू शकते. नळी काढलेली असताना यंत्र शून्य दाखवतं का, हे बघायची विनंती करा. चांगला केंद्रवाला यावर रागावत नाही.

धुराचा रंगही सांगून टाकतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील. गरम झाल्यावरही जाड पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट बघा. या दोन्हींत पीयूसी बाजूला ठेवा, आधी इंजिन वाचवा.

गाडी पास, तरी ऑनलाइन दिसत नाही

हा त्रासही वारंवार येतो. पीयूसीची नोंद आता सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत जाते. परिवहनच्या संकेतस्थळावर पीयूसीच्या पानावर गाडीचा नंबर आणि चासी नंबरची शेवटची पाच अक्षरं टाकली की प्रमाणपत्र दिसतं, एमपरिवहन आणि डिजिलॉकरमध्येही दिसतं. तिथं जे आहे तेच खरं. हातात रंगीत कागद आहे आणि संकेतस्थळावर काहीच नाही, तर त्याचा उपयोग नाही. म्हणून केंद्र सोडण्याआधी तिथंच मोबाईलवर उघडून बघा. गाडी न आणता नुसता नंबर प्लेटचा फोटो पाठवा म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. गाडी तपासलीच नाही तर दोष तसाच राहतो.

मोबाईल नंबर नोंदणीला जोडलेला नसेल तर संदेश येत नाहीत. जुनी गाडी घेतलेल्यांच्या बाबतीत आधीच्या मालकाचाच नंबर तिथं असतो आणि मुदत संपल्याचं आपल्याला कळतच नाही. तो बदलून घ्या.

बाहेरून गाडी घेतलेल्यांनी आरसीवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) बीएस नक्की वाचावा. २०१० मध्ये बीएस-४ फक्त १३ शहरांत आली. त्यात मुंबई, पुणे, सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. देशभर ती १ एप्रिल २०१७ ला लागू झाली. त्यामुळं २०१३ ची इथं घेतलेली गाडी बीएस-३ असू शकते आणि त्याच वर्षीची, त्याच मॉडेलची पुण्याहून आणलेली बीएस-४. पहिलीला २.४५ आणि ६ महिने, दुसरीला १.६२ आणि १२ महिने. "शेजाऱ्याची दोनवर पास झाली, माझी कशी फेल?" याचं उत्तर बऱ्याचदा आरसीवर लिहिलेलं असतं. बीएस-४ असून केंद्रवाल्यानं सहाच महिन्यांची दिली असेल तर आरसी दाखवून तिथल्या तिथं विचारा.

विम्याबद्दलही लोक घाबरलेले असतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण करू नये असं म्हटलं होतं, ती अट जुलै २०२४ मध्ये मागं घेतली. पीयूसी नव्हती एवढ्यावरून अपघाताचा दावा नाकारता येत नाही, हे विमा नियामकानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून अपघातानंतर कोणी या कारणावरून परत पाठवत असेल तर नकार लेखी मागा.

शेवटी जुन्या पुस्तकावरच्या गाड्या. कमांडर, जीप, जुन्या सुमो, ज्यांची नोंदणी हातानं लिहिलेल्या पुस्तकात झाली, त्यातल्या काहींची माहिती वाहन प्रणालीत चढलेलीच नाही. केंद्रवाला नंबर टाकतो, गाडी सापडत नाही, तो परत पाठवतो. इथं गाडीत काही बिघाड नसतो. मूळ नोंदणी झालेल्या आरटीओ कार्यालयात पुस्तक, विमा आणि ओळखपत्र घेऊन बॅकलॉग नोंदीचा अर्ज द्यावा लागतो. चासी नंबर गाडीवरून खरडून पुस्तकाशी ताडून घ्या, कारण एका अक्षराच्या फरकानं अर्ज परत येतो. अर्जाची पोच घ्या आणि नोंद चढली की त्याच आठवड्यात गाडी गरम करून केंद्रावर न्या.